ठरलं होतं फक्त बासरपर्यंत

तान्हं बाळ घेऊन ऐन उन्हाळ्यात आदिलाबादला जाऊ नका, असं मी कोणालाही सांगेन. मला तर सगळ्यांनीच सांगितलं होतं. तरी गेले, आणि कशी गेले ते इथे लिहिते आहे. दोन्हीकडचे आजी-आजोबा दोन टोकांना असलेली घरं आमच्यासारखी बरीच असतील. त्या घरांत रविवारच्या फोनवर काय चालतं ते मला चांगलं माहीत आहे.

आम्ही पुण्यात राहतो. नितीनचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, आईवडील नांदेडला. माझे बाबा आदिलाबादला, एकटे. आई गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला गेली. मला तेव्हा सातवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं, सासरच्यांनी नको म्हटलं, आणि बाबांनीही फोनवर तेच सांगितलं. पोटुशी बाई अशा घरी जात नाही. आईला नेलं ते मी पुण्यात बसून फोनच्या पडद्यावर पाहिलं. चुलतभावाने फोन धरला होता आणि बराच वेळ त्यात त्याच्या चपला दिसत होत्या.

सई झाली तेव्हा बाबा आले नाहीत. मला भाऊ नाही, क्रियाकर्म बाबांनीच केलेलं, त्यामुळे वर्षभर त्यांना देऊळ नाही, बारसं नाही, लग्न नाही. बारसं झाल्यावर या म्हटलं तर हो म्हणाले. बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. तिथली जुनी भाषा त्यांच्या तोंडातून अजून गेलेली नाही. पुण्याला येण्याला ते 'दौरा' म्हणतात आणि रद्द झाला की 'मुल्तवी' म्हणतात. दिवाळीनंतरचा दौरा टाकी गळते म्हणून मुल्तवी, संक्रांतीचा दौरा गॅस यायचा होता म्हणून मुल्तवी, होळीचा शेजारी गावाला गेले आणि घराकडे बघायला कोणी नाही म्हणून मुल्तवी. त्यांना एकट्याने लांबचा प्रवास करायची सवय नाही. डबा, तिकीट, औषधं सगळं आई बघायची. पण तसं ते म्हणणार नाहीत.

मी येते म्हटलं की सासूबाई फोन घ्यायच्या. मी त्यांना मम्मी म्हणते.

"वर्ष तर होऊ दे की मंजू. दुःखाच्या घरात लेकरू नेत नसतेत."

"मम्मी, ते तिच्या आजोबांचं घर आहे."

"मी कुठं नाही म्हणायले? वर्षानं ने. लेकरू काय पळून जायलंय?"

आणि बाबा दुसऱ्या फोनवर: "त्या बरोबर म्हणून राह्यल्या बाई. अन् इथं ऊन किती हाये. तू नोको येऊ. मीच येतो."

"कधी?"

"पाहू ना."

त्यात अक्षय तृतीया आली. आमच्या भागात तिला अखजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात. पहिल्या वर्षीची घागर ते माणूस राहिलं त्याच घरात भरायची. बाई सवाष्ण गेली असली तर तिच्या जागी एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालायचं, ओटी भरायची, साडी द्यायची. म्हणजे बाबा त्या दिवशी आदिलाबाद सोडू शकत नव्हते, आणि मला त्या घागरीपाशी असायचं होतं. एवढीच गोष्ट होती. ती सरळ करायला तीन रविवार गेले.

शेवटी नितीनने मधला मार्ग काढला. तो कामावर वेगवेगळ्या शहरांतल्या लोकांच्या मीटिंग लावतो, त्यामुळे त्याला मधला मार्ग पटकन सुचतो. बासर. नांदेडहून दीड-दोन तास, आदिलाबादहून बसने जमण्यासारखं. अखजीच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडहून जायचं, बाबांनी तिकडून यायचं, भेट घ्यायची आणि दोघांनी आपापल्या घरी परतायचं. सरस्वतीचं देऊळ आहे म्हणून मम्मी खूश. लेकरू उन्हात फार आत येणार नाही म्हणून बाबा खूश. मला कोणी विचारलं नाही.

प्रवासाचं सांगते. पुण्याहून नांदेडला रात्रीची गाडी घ्यावी. बाळ झोपतं. एसीचा डबा परवडत असेल तर या दिवसांत तोच घ्या, आणि खालचा बर्थ मागून घ्या. सईने परभणीपर्यंत चांगली झोप काढली आणि तिथून नांदेडपर्यंत समोरच्या काकांचा चष्मा ओढला. काकांनी काही हरकत घेतली नाही. उतरताना म्हणाले, "माहेरी की सासरी?" मी म्हटलं, "आधी सासरी." ते म्हणाले, "मग माहेर राहिलंच समजा."

नांदेडहून गाडी ठरवली होती, दिवसभराचे साडेतीन हजार. रेल्वेनेही बासरला जाता येतं, पण बाळाबरोबर भर दुपारी फलाटावर थांबणं नको वाटलं. सासरे गुडघ्यामुळे घरीच राहिले. मम्मी आल्या, त्यांच्याबरोबर थर्मास, पेजेचा डबा, ओले पंचे, कांदा आणि दृष्टीची एक पुरचुंडी आली. गाडीत कांदा कशाला, असं नितीनने विचारलं.

"ऊन लागत नाही त्यानं," मम्मी म्हणाल्या.

"गाडीत एसी आहे."

"एसीला काय कळतंय?"

धर्माबाद मागे पडल्यावर पाट्या तेलुगूत सुरू होतात, चहाच्या टपऱ्यांवर मात्र बोलणं मराठीतच चालू असतं. शेतं रिकामी, कापसाच्या पळाट्या काढून बांधावर रचलेल्या. बासरला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गोदावरीचं पाणी घाटापासून दूर गेलेलं होतं. पायऱ्या तापतात, त्यामुळे अनवाणी उतरायचं असेल तर सकाळी लवकर या. देवळाच्या रस्त्यावर पाट्या-पेन्सिली विकायला बसलेले असतात, कारण लोक मुलांना इथे पहिलं अक्षर गिरवायला आणतात. तीन-चार जणांनी सईसाठी पाटी पुढे केली. एकीला मी म्हटलं, अजून बसताही येत नाही नीट. ती हिंदीत म्हणाली, बसेल तोवर पाटी महाग होईल.

बाबा चप्पल ठेवायच्या जागेजवळ लिंबाखाली बसले होते. डोक्यावर दस्ती, पांढरा हातरुमाल, चार कोपऱ्यांना गाठी मारलेला. वाळले होते. फोनवर ते कळत नाही, कारण फोन ते कपाळाशी धरतात. पहिल्या बसने निघून निर्मलला बदलून, भैंशाला पुन्हा बदलून आले होते. भैंशापर्यंत उभे राहून आले, हे त्यांनी सांगितलं नाही. बोलता बोलता नितीनने काढून घेतलं.

मी सईला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पुढे केले आणि मागे घेतले.

"बसमधले हात हायेत. धुऊन येतो."

नळापाशी ते बराच वेळ हात धूत राहिले. आणि ते परत येईपर्यंत मम्मींनी सईला उचललं होतं.

"आधी दर्शन. मग बसू निवांत. रांग वाढायली."

"बाबांना घेऊ द्या ना एकदा."

"घेतील की. कुठं चाललेत ते?"

बाबा म्हणाले, "हो हो, देवीचं आधी. मले तं आत येता येत नाई. मी चपला पाहतो."

आणि ते खरंच आमच्या चपला, थर्मास आणि पेजेचा डबा घेऊन पुन्हा लिंबाखाली जाऊन बसले. मी रांगेत. पुण्याहून नांदेड, नांदेडहून बासर, आठ महिने आणि तीन रविवार, आणि बाबा बाहेर थर्मास सांभाळत बसलेले. ज्यांना रांगा चालतात त्यांच्यासाठी सांगते, सुट्टीच्या दिवशी इथे तास-दीड तास लागतो आणि आत पंखे आहेत. मला ती रांग चालली नाही. सई रडायला लागली, मम्मी तिला 'आली आली देवी आली' म्हणत होत्या आणि देवी काही येत नव्हती. मी सईला त्यांच्या खांद्यावरून काढून घेतलं आणि लोखंडी कठड्याखालून बाहेर आले. मागून एक बाई तेलुगूत काहीतरी बोलली, बहुतेक चांगलं नसावं.

बाबांजवळ गेले आणि म्हटलं, "घ्या."

त्यांनी घेतलं. कोणी हातात दस्तऐवज दिला की दोन्ही हातांनी सपाट धरतात तसं आधी धरलं. मग सईने त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन पकडलं, आणि ते सोडवण्याच्या नादात ती त्यांच्या खांद्याला लागली. पेज भरवली. मग ती त्यांच्याच खांद्यावर झोपली. बाबांनी डोक्यावरची दस्ती काढून गाठी सोडल्या आणि तिच्या डोक्यावर टाकली.

नितीन आणि मम्मी प्रसादाचे लाडू घेऊन आले तेव्हा आम्ही तसेच बसलेलो होतो. मम्मींनी सईच्या कपाळाला कुंकू लावलं, न उठवता. जेवलो. देवळाजवळ साधं जेवण मिळतं, भात, पप्पू म्हणजे आपलं वरण, आंब्याचं लोणचं. तिखट आहे, बाळाला देऊ नका. मग मम्मी म्हणाल्या, "चला, उन्हं उतरायच्या आत निघू. व्याहीबुवांनाही बस गाठायचीय."

बाबा उठायला लागले. सई त्यांच्या खांद्यावरच होती.

मी म्हटलं, "मी आदिलाबादला जाते आहे. बाबांबरोबर. घागर भरून येते."

"असं कसं? ठरलं होतं की," मम्मी म्हणाल्या.

"तुमचं ठरलं होतं."

"नोको बाई," हे बाबा. "घर दुःखाचं हाये. त्यांच्या मनात नाई तं काऊन उगाच? तुह्या आईची घागर मी भरतो ना. वर्षानं येशीन. यंदा मुल्तवी कर."

नितीन म्हणाला, "आपण असं करू शकतो, की..." मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो थांबला.

मी फार बोलत नाही. भांडणात तर मला शब्द दुसऱ्या दिवशी सुचतात. त्या दिवशी मात्र सुचले. म्हटलं, "आई गेली तेव्हा बाळ पोटात आहे म्हणून मला येऊ दिलं नाही. आता बाळ बाहेर आहे म्हणून येऊ देत नाही. मी त्या घरी कधी यायचं ते तुम्ही सगळे बसून एकदा ठरवा आणि मला सांगा. मी इथेच थांबते."

पाट्या विकणारी बाई तेवढी आमच्याकडे बघत होती. बाबा सईची दस्ती सारखी करत राहिले, ती सरकलेली नव्हती तरी.

मम्मींनी कांद्याची पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागल्या. दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या. ड्रायव्हरने विचारलं, "नांदेड?"

"गाडी एकच हाय," मम्मी म्हणाल्या. "हे सगळे तिकडं गेल्यावर मी काय चालत जाऊ नांदेडला? घे आदिलाबादला."

ड्रायव्हरने मुक्कामासकट सात हजार सांगितले, मम्मींनी त्याच्या आईवडिलांची चौकशी करत सहावर आणलं.

बासरहून भैंशापर्यंत रस्ता ठीक आहे. भैंशाला जिनिंगचे कारखाने या दिवसांत बंद असतात, फाटकांच्या कडेला मात्र कापसाचे पुंजके अजून अडकलेले दिसतात. तिथे उसाचा रस प्यालो, बर्फाशिवाय. निर्मलला लाकडी खेळणी मिळतात. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि सईसाठी लाकडी पेरू, सीताफळ आणि वांगं घेतलं. रंग तोंडात जाईल म्हणून मम्मींनी ते लगेच आपल्या पिशवीत टाकलं. निर्मलच्या पुढे हमरस्त्याला घाट लागतो. सागाची पानं गळालेली, पळसालाही नवी पानं नुकती येत होती. घाटात माकडं आहेत, काचा बंद ठेवा. घाट संपल्यावर रस्त्याकडेला मुंजलू मिळतात, म्हणजे ताडगोळे. ते जरूर घ्या. तहान भागते आणि बाळालाही मऊ गर चाटवता येतो. इथवर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. ताडगोळे सोलताना मम्मी मागे न बघता म्हणाल्या, "तुमच्याकडं जोडीनं देतेत का सुटे?"

"डझनावर देतेत," बाबा म्हणाले. तिथून बोलणं सुरू झालं.

मावल्याचा तलाव आला की माझ्यासाठी आदिलाबाद आलं. लहानपणी बसमध्ये झोपले असले तर आई तिथे उठवायची. पाणी अगदी तळाला होतं. बाबांच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा सूर्य मावळायला आला होता.

बाबांनी कुलूप काढलं आणि बाजूला झाले. आम्ही दारात उभे. पहिल्यांदा घरी आलेल्या बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो, आणि तो टाकायला घरात बाई नव्हती. बाबांना ते तिथे दारात आल्यावर सुचलं असावं, कारण ते किल्लीकडे बघत राहिले. मम्मींनी पिशवी खाली ठेवली, त्यांच्याच डब्यातली पोळी काढली, तुकडा मोडला, पाण्यात भिजवला, सईवरून आणि माझ्यावरून उतरवला आणि रस्त्यापलीकडे टाकून आल्या.

"आता शिर आत," मला म्हणाल्या.

घर स्वच्छ होतं. फार स्वच्छ, कारण काही हललेलंच नव्हतं. आईचा चष्मा टीव्हीवर. कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून बाबांनी खोली गार केली. सई फरशीवर पालथी पडून एका जागी गोल फिरत राहिली. आईला शेवटचं ठेवलं होतं त्या फरशीबद्दल मला काही वाटायच्या आत तिने खुर्चीखालून एक बटण शोधून काढलं आणि तोंडात घातलं.

दुसऱ्या दिवशी अखजी. कुंभाराकडून आणलेली लाल घागर बाबांनी आधीच भिजवून ठेवली होती. पळसाच्या पत्रावळी होत्या, आंबे होते, साडी होती. आईच्या जागी बसायला गल्लीतल्या सुलोचनाबाई येणार होत्या. आणि सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला की किनवटला चुलते वारले, त्यांना सुतक आलं, त्या बसू शकत नाहीत.

बाबांनी फोन लावायला सुरुवात केली. ज्यांना लावला त्यांच्या त्यांच्या घरी त्यांची घागर होती.

"हो का. बरं बरं. नाई, काई नाई, सहज केला होता फोन."

प्रत्येक फोनवर हेच. सहज केला होता. सरळ सांगितलं असतं तर कोणी तासाभराने आलीही असती, पण बाबा सांगणार नाहीत. मी म्हटलं, मी बसते. तर लेक चालत नाही, बाहेरची सवाष्ण लागते. मोठ्या आत्याला फोन केला, तिने तेच सांगून वर आणखी चार नियम सांगितले. पुरण होऊन गार होत होतं, आणि ते सगळं मम्मींनी केलं होतं. मी फक्त सईला सांभाळत होते आणि कोणता डबा कुठे आहे ते सांगत होते. त्यातलेही दोन चुकीचे सांगितले.

वरच्या फळीवर एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात कुरडया होत्या. गेल्या उन्हाळ्यातल्या, म्हणजे आईने केलेल्या शेवटच्या. बाबांनी वर्षभरात एक तळली नव्हती. आजच्यासाठी ठेवल्या होत्या.

मम्मींनी कढई चढवली आणि बाहेर बाबांचं चाललेलं ऐकत राहिल्या. दोन-तीन फोन झाले. मग त्यांनी गॅस बारीक केला, पदर खोचलेला सोडला आणि बाहेर आल्या.

"पाट मांडा. मी बसते."

बाबा उठून उभे राहिले. "तुमी? तुमी विहीणबाई. तुमचा मान येगळा. तुमाले कसं बसवावं?"

"मला कुंकू हाय, भूक लागलीय, अन् स्वयंपाकही मीच केलाय. अजून काय लागतंय?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी पाट मांडला.

घागरीत पाणी भरलं, तोंडाशी आंबा ठेवला, बाबांनी आईचं नाव घेतलं. आई असताना त्यांनी ते कधी घेतलेलं मला आठवत नाही. मम्मींची ओटी मी भरली. मग बाबांनी कपाटातून साडी आणून माझ्या हातात दिली, मी मम्मींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटून पदर बघितला.

"ही तर मीच दिलेली," मम्मी म्हणाल्या. "लग्नात. तुझ्या आईला."

घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बाबा म्हणाले, "चांगली म्हणून ठेवली होती तिनं. म्हणे मोठ्या कार्यात नेसीन."

"रंग आवडला नसंल."

"नाई नाई..."

"मलाही नव्हता आवडला," मम्मी म्हणाल्या. "दुकानात ह्यांनी घाई केली." आणि साडी मांडीवर ठेवून पानाकडे वळल्या.

पुरणपोळी, आमरस, चिंचवणी, वडे आणि वर कुरडई. सईला मी कडेवर घेऊन उभी होते, ती पानाकडे झेपावत होती. मम्मींनी हात पुढे करून तिला मांडीवर घेतलं, त्या साडीवरच. कुरडईचा एक तुकडा मोडून दुधाच्या वाटीत पार मऊ होईपर्यंत धरला आणि तिच्या जिभेवर लावला. सईने तोंड वाकडं केलं, मग पुन्हा उघडलं. मम्मींनी उरलेला स्वतः खाल्ला.

"मीठ जरा जास्तय."

"दरवर्षी सांगायचो," बाबा म्हणाले. "दरवर्षी. आयकलं नाई कधी." आणि ते पाणी आणायला आत गेले. पाण्याचा तांब्या पानाजवळच होता. मी तिथेच उभी राहिले. कोणीतरी सईकडे बघायला हवं होतं.

ते बाहेर आले तेव्हा मम्मी जेवत होत्या. पानातलं सगळं संपवायचं असतं म्हणून त्यांनी संपवलं, आणि मग गुडघ्यावर हात टेकून, कोणाची मदत न घेता उठल्या.

संध्याकाळी मम्मी गच्चीवर कपडे काढायला गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. मी वर गेले. उन्हाने गच्ची अजून भाजत होती. त्या टोपी घातल्यासारखा पदर घेऊन उभ्या होत्या.

"कसं ऊन वाया जायलंय बघ," म्हणाल्या. "आमच्या गच्चीवर त्या मोठ्या बिल्डिंगची सावली पडते. दोन दिवस लागतेत कुरडया वाळायला. इथं एका दिवसात होतील."

परतीला आदिलाबादहून किनवट, भोकर मार्गे रेल्वे आहे. बाळ असेल तर मी तीच सांगेन, रस्त्यापेक्षा कमी दमवते, आणि डब्यात पाय पसरायला मिळतात. किनवटच्या आसपास जंगल लागतं. आमचा मुक्काम एका दिवसाने वाढला म्हणून ड्रायव्हर आदल्याच दिवशी रिकामा परत गेला होता, आणि ते पैसे गेले म्हणून मम्मी भोकरपर्यंत हळहळत होत्या. बाबा स्टेशनवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी म्हणाले, "आता पुढच्या येळी मीच येतो. तुमी नोका येऊ इतक्या दूर."

"कधी?" मी विचारलं.

"पाहू ना," ते म्हणाले.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. सईला प्रवासाचं काहीही झालं नाही. ताप मला आला. लाकडी वांगं मम्मींनी निघताना परत दिलं, ते फ्रिजवर आहे. काय मिळालं, जावं का, असं मैत्रिणींनी विचारलं. उन्हाळा टाळता येत असेल तर टाळा. आमचा टाळता येण्यासारखा नव्हता. आईला नेलं तेव्हाच्या त्या चपला अजून दिसतात, तेवढं काही बदललेलं नाही. पण आता त्या घराचा विचार केला की त्यांच्याआधी फरशीवर पालथी पडून फिरणारी सई दिसते.

रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला आहे. दसऱ्याला कोणी कुठे जायचं यावर दोन रविवार झाले, नितीनने एकदा मधल्या मार्गाचं नाव काढलं आणि गप्प झाला. बाबांचा दौरा सध्या मंजूर आहे, उद्यापर्यंत. मी मात्र आमचा निघायचा दिवस ठरवून ठेवला आहे, आणि यावेळी तो आधी ठरवला, मग सांगितलं.

एक गोष्ट तेवढी कोणी वाद न घालता ठरली. काल मम्मींनी फोनवर बाबांना विचारलं की आदिलाबादला चांगला गहू कुठे मिळतो, आणि तुमच्याकडचा कुरडयांचा सोऱ्या आहे की फेकून दिला.

"हाये ना," बाबा म्हणाले. "काऊन?"

"पुढच्या उन्हाळ्यात लागंल. मी येणार हाय. मीठ मी घालीन."

बाबा म्हणाले, "या. पण मीठ तिच्याच हिशोबानं घाला."